चवथीचे दगड

भाद्रपद आला की मला चंद्राचा राग येतो. रस्त्याकडेला मंडपाच्या बांबूंसाठी खड्डे खणायला लागतात, लालबागच्या मिरचीच्या वासात ओल्या रंगाचा वास मिसळतो, ढोलवाली पोरं हात साफ करायला लागतात, आणि इकडे माझं डोकं तापायला लागतं. चाळीतले लोक म्हणतात, बाई रिटायर झाल्यापासून चिडक्या झाल्या. मुळीच नाही. मी आधीपासूनच चिडकी आहे. परळच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, तिथे शांत राहून चालत नाही.

तर चंद्र. आपण त्याला मामा म्हणतो, बाळाला कडेवर घेऊन दाखवतो, त्याच्याकडे बघून घास भरवतो. चांगलंच गंडवलंय त्याने आपल्याला. ज्या वर्षाबद्दल मी लिहितेय, त्या वर्षी अख्खा पावसाळा मी जगभरातले चंद्रदेव आणि चंद्रदेवी वाचत बसले होते. अंगावर रक्ताचा शिंतोडा नाही असा एक मला सापडला असेल तर शपथ.

हा उद्योग आमच्या मंडळाच्या भाऊंमुळे मागे लागला. भाऊ म्हणजे आमच्या चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस हौशी, आवाज मोठा, निर्णय त्याहून मोठे. एका रविवारी दारात येऊन उभे राहिले. "बाई, गणपतीने चंद्राला शाप दिला, हे सगळेच दाखवतात. आपण वर्ल्ड लेव्हलला जायचं. दुनियेतले सगळे मून गॉड! मोटरवर हलणारा देखावा करू. स्टोरी तुम्ही काढा." मी म्हटलं, काढते. मलाही घरात एकटीला दुसरं काय होतं?

मेक्सिकोतली चंद्रदेवी पहिली हाताला लागली. कोयोलशाउकी तिचं नाव, गालांवर सोन्याच्या घंटा. तिची आई डोंगरावरचं देऊळ झाडत असताना आभाळातून पिसांचा गोळा पडला आणि आईला दिवस गेले. लेक भडकली. या वयात आईने तोंड काळं केलं म्हणून चारशे भावांना घेऊन आईला मारायला डोंगर चढली. ती वर पोचते न पोचते तोच आईच्या पोटातलं पोर हातात शस्त्र घेऊनच जन्मलं, आणि त्याने पहिलं काम केलं ते बहिणीचं मुंडकं उडवायचं. धड तुकडे होत पायथ्याशी गडगडलं आणि मुंडकं त्याने आभाळात भिरकावलं. तोच चंद्र. भाऊंना हे फार आवडलं. "मुंडकं उडवू! तारेवरून वर नेऊ! लाल लाइट मारू!" म्हणाले.

जपानचा चंद्रदेव जेवायला गेला. अन्नाची देवता यजमानीण होती, तिने तोंडातून भात काढला, मासे काढले आणि ताट वाढलं. ह्याला किळस आली, म्हणून ह्याने तिला जागच्या जागी कापून टाकलं. सूर्य ही त्याची बहीण. ती म्हणाली, तुझं तोंड बघणार नाही, आणि तेव्हापासून दिवस आणि रात्र एका घरात राहत नाहीत. इजिप्तमध्ये चंद्र म्हणजे एका देवाचा उपटून काढलेला डोळा. आपल्याकडेही काही बरं नाही. सत्तावीस बायका करून एकटीलाच जवळ घेतलं म्हणून सासऱ्याने जावयाला क्षय लावला. आणि गणपती उंदरावरून पडला तेव्हा हा वरून दात काढून हसला, तेव्हा गणपतीने स्वतःचा दात मोडून ह्याच्यावर फेकला असंही सांगतात. वाचता वाचता मला वाटायला लागलं की माणसाला आभाळात एकच मोकळी जागा दिसली, आणि आपल्या घरातली सगळी मारामारी त्याने तिथे नेऊन टांगली.

आणि मग हिना. समुद्रातल्या बेटांवरची. झाडाची साल कुटून कापड करायची, दिवसभर कुट कुट, आणि नवरा एक नंबरचा नालायक, हात उचलणारा. ती कंटाळली. आधी सूर्याकडे पळून गेली, पण तिथली आग सोसेना. मग चंद्राकडे निघाली. नवऱ्याने उडी मारून तिचा पाय धरला आणि असा पिरगळला की पाय तुटला. ती तशीच गेली. लंगडत, रक्त सांडत, वर चढून गेली. तिकडचे लोक म्हणतात, ती अजून तिथेच आहे आणि आपलं कापड कुटत बसली आहे.

मी हे कमिटीत वाचून दाखवलं. भाऊंनी चष्मा काढला. "बाई, हे नको. नवरा-बायकोची भांडणं बाप्पासमोर बरी दिसत नाहीत. फॅमिली पब्लिक येतं."

"आणि सख्ख्या बहिणीचं मुंडकं?"

"ते पौराणिक आहे," भाऊ म्हणाले. कपाळ!

देखाव्याचा आवाज आम्ही मंडळाच्या खोलीत भरत होतो. हिनाचं बोलणं नंदा वाचणार होती. नंदा आमच्या समोरच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर राहायची. आवाज खणखणीत, आरतीला तिने सूर लावला की अख्खी चाळ तिच्या मागे. डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं. ते जन्मतः नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, विलासच्या हाताचं होतं ते, आणि चाळीत हे ठाऊक नाही असं कोणी नव्हतं. गोदीतली नोकरी सुटल्यापासून विलास दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. बाहेर जाताना बायकोला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. मंडळाच्या खोलीतसुद्धा तो तिला सोडायला यायचा आणि दारात विडी ओढत उभा राहायचा. एका शेजाऱ्याने एकदा मध्ये पडून बघितलं, तर त्याचे दोन दात गेले. पोलिसांत गेलो तर तिथे म्हणाले, घरगुती आहे, मिटवा.

हिनाचा भाग कापला हे मी नंदाला सांगितलं. हातातला कागद तिने घडी घालून परत दिला. दारातल्या विलासकडे पाठ करून, हळूच विचारलं, "बाई, ती पोचली काय वर?"

"पोचली. पण पाय गेला."

"गेला तर गेला," नंदा म्हणाली.

आत्ता हे लिहितेय तर खाली पहार आपटल्याचा आवाज येतोय. या वर्षी मंडप आणखी मोठा आहे. गिरणीच्या जागेवर काचेचे टॉवर झाले, त्यातले लोक गाडीची काच खाली करून दर्शन घेतात. चवथीची कोर त्या टॉवरच्या खांद्याशी येते, थोडा वेळ दिसते आणि खाली उतरते. ती बघायची नसते. बघितली तर वर्षभरात आपल्यावर चोरीचा खोटा आळ येतो, गणपतीचा शापच आहे तसा. आणि चुकून बघितलीच, तर त्यावर कोकणातल्या माणसांकडे उपाय आहे. शेजाऱ्याच्या घरावर खडे मारायचे आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या खाल्ल्या की आळ फिटला. लोकांना हे सांगितलं की हसतात. आमच्या चाळीत आम्ही हे लहानपणापासून करत आलोय.

आणि शिव्यांना आमच्याकडे पहिला मान विलासचा. अस्सल मालवणी, एकीसारखी दुसरी नाही. दर चवथीला, ज्याला चंद्र दिसला तो खाली चौकात उभा राहून विलासच्या गॅलरीच्या पत्र्यावर खडा मारणार. विलास कठड्याला रेलून, खाली वाकून, एकेकाला नाव घेऊन सुनावणार, आणि खाली उभी असलेली सगळी हसून हसून लोटपोट. त्या एका संध्याकाळी तो चाळीचा लाडका असायचा. मी स्वतः हसले आहे. त्याच शिव्या दाराआड काय होतात, हे तेव्हा त्या हसण्यात कोणाच्या मनात येत नसे.

गणपतीच्या चार दिवस आधी विलासने नंदाचा उजवा हात तापलेल्या तव्यावर दाबून धरला. पोळी करपली म्हणून. तिची किंकाळी मी इकडे माझ्या खोलीत ऐकली. पलीकडच्या बैठ्या चाळीतली प्रज्ञा महापालिकेच्या इस्पितळात नर्स आहे. विलास पान खायला खाली उतरला तेवढ्यात खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढायला लावून तिने मलमपट्टी केली. कातडं सुटून आलं होतं. मग प्रज्ञा माझ्याकडे आली, चूळ भरली आणि म्हणाली, "बाई, पुढच्या खेपेला मी हिला पट्टी बांधायला नाही जाणार. ओळख पटवायला जाईन, शवागारात. तुमच्या बाप्पाला विचारा काय करायचं ते."

बाप्पाला मी विचारलं नाही. पेरू देशातल्या लोकांबद्दल वाचलं होतं, ते आठवलं. ग्रहण लागलं की ते म्हणायचे, चंद्रदेवीवर जनावर तुटून पडलंय. मग आरडाओरडा करून, कुत्र्यांना भुंकायला लावून, वर आभाळाकडे हत्यारं फेकून त्या जनावराला पळवायचे. मी प्रज्ञाला म्हटलं, "चवथीला विलास कठड्यावर वाकून शिव्या देतो तेव्हा त्याची पाठ कुठे असते?"

"दाराकडे," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं. "बाई, तुम्ही शाळेत हेच शिकवलंत काय?"

दोघींनी मिळून एकेका दाराशी जाऊन बायकांच्या कानात सांगितलं. एकही नाही म्हणाली नाही. मंगळसूत्र हातात धरून रडल्या दोघी-तिघी, पण नाही कोणी म्हणाली नाही. नंदाला प्रज्ञाने पट्टी बदलताना खिडकीतूनच सांगून ठेवलं. प्रज्ञाला मी विचारलं, तुझा या सगळ्यावर विश्वास नाही, तुमच्यात हे चालत नाही, तू खडे मारायला येशील का? ती म्हणाली, "चंद्रावर माझा विश्वास नाही बाई, दगडावर आहे. पण मी जिन्यात थांबते. तिला ओढायला कोणीतरी लागेल."

चवथीच्या संध्याकाळी आरत्या झाल्या. पाऊस उघडला होता. आम्ही सगळ्या चौकात आलो आणि माना वर करून चंद्र बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, डोळे भरून बघितला. ढगाच्या फटीत नखाएवढी कोर होती. घाणेरडी पिवळी. मी पहिला खडा मारला. पत्रा वाजला, आणि विलास हसत हसत बाहेर आला. "कोण तां? बाई? तुमकाव दिसलो? फटकी येवंदे तुमका! शाळेतली पोरां मारून जीव भरलो नाय?" खाली हशा. दुसरीने मारला. "तुझ्या चुलीत मांजर विवो!" पुन्हा हशा. तो रंगात आला. दोन्ही कोपर कठड्यावर टेकून, अर्धा बाहेर वाकून, एकेकीला निवडून निवडून देऊ लागला.

आणि त्याच्या मागे दार उघडलं. नंदा बाहेर आली. पट्टी बांधलेला हात छातीशी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. ती भिंतीला धरून दुसऱ्या टोकाच्या जिन्याकडे चालू लागली. अख्ख्या चौकाला ती दिसत होती. फक्त त्याला दिसत नव्हती. शाळेत जन्मभर मी पोरांना "इकडे बघा" म्हणून ओरडले. त्या वेळी मी जीव तोडून मनात म्हणत होते, कोणी तिकडे बघू नका, माझ्या बायांनो, कोणी तिकडे बघू नका. हसा. मोठ्याने हसा. आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येत असताना त्या खदाखदा हसल्या, आणि तो नालायक त्याला स्वतःचं कौतुक समजून आणखी वाकला.

निम्मी गॅलरी पार झाली. कोणाच्या तरी दाराशी पाण्याची कळशी होती. नंदाची पिशवी तिला लागली.

स्टीलचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. विलास वळला. क्षणभर त्याला कळलंच नाही, मग कळलं, आणि तो धावला. जिन्याच्या तोंडाशी त्याने तिची वेणी धरली आणि तिचं डोकं लाकडी खांबावर आपटलं. एकदा. पुन्हा. खाली हसण्याचा आवाज थांबला होता, त्यामुळे खांबाचा आवाज खालपर्यंत स्वच्छ आला. मंडपासाठी उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा एक तुकडा माझ्या पायाशी होता. मी तो उचलला. नेम मला कधीच नव्हता, लहानपणी चिंचा पाडतानाही माझा दगड शेजारच्यांच्या कौलांवर जायचा. त्या दिवशी तो बरोबर विलासच्या भुवईवर बसला. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. बायकांच्या मुठीत खडे होतेच, ते संपल्यावर विटांचे तुकडे, कुंडीची खापरं, कोणाच्या पायातली चप्पल. सगळं वर जात होतं. कोणी ओरडत होतं, कोणी त्याचीच मालवणी शिवी त्याला परत देत होतं. एक दगड नंदाच्या खांद्यालाही लागला. त्याने वेणी सोडली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला. जिन्यातून प्रज्ञा झेपावली, तिने नंदाला बगलेत मारलं आणि ओढत खाली नेलं. फाटकाशी टॅक्सी उभी होती. ठाकूरद्वारला माझी मैत्रीण राहते, तिच्या वाडीत दिवा लावून ती वाट बघत होती. टॅक्सी निघाली तरी एक-दोघी दगड मारतच होत्या. थांबवावं लागलं त्यांना. आणि मला विचाराल तर स्पष्ट सांगते, मला आनंद झाला होता. असा आनंद मला पगारवाढीनेही झाला नाही.

भाऊ त्या वेळी मंडपात होते. धावत आले तोवर सगळं संपलं होतं. दगडांकडे बघून म्हणाले, "अहो, हे काय, हे काय!" एवढंच त्यांना सुचलं.

विलासने पोलिसांत तक्रार दिली. हवालदार चौकशीला आला आणि एकेकीला विचारू लागला, दगड का मारलात? प्रत्येकीने एकच उत्तर दिलं: चवथीचा चंद्र दिसला साहेब. शेवटी त्याने वही मिटली. "शिव्या मिळाल्या का?" मिळाल्या, सगळ्या म्हणाल्या. "मग झालं तर." तो निघाला, आणि जाता जाता विलासला म्हणाला, टाके घालून घे. वर विलासने चाळभर सांगितलं की बाईंनी माझी बायको चोरली. आळ आला, पण मी नाकारलाच नाही.

पण गोष्ट इथे संपली असं कोणाला वाटलं तर ती मुंबई नव्हे. पाचव्या दिवशी दुपारी, मंडपात गर्दी नसताना, भाऊंनी समेटासाठी बैठक बोलावली. कमिटीचे पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका खाली सतरंजीवर. विलास कपाळाला पट्टी बांधून आला. नंदा ठाकूरद्वारहून आली, कपाळावर टेंगूळ, हाताला पट्टी. तिने यायला नको होतं. पण ती म्हणाली, "मी आले नाही तर ते म्हणतील, मी पळाले." देखावा मागे बंद होता. मेक्सिकोचं ते मुंडकं निम्म्यात, तारेला लटकून राहिलं होतं.

विलास पुढे झाला, मूर्तीच्या पायांवर हात ठेवला आणि रडत म्हणाला, बाप्पाची शपथ, परत हात उचलणार नाही. कमिटीतले दोघे डोळे पुसू लागले. भाऊ गहिवरून म्हणाले, "नंदा, बाप्पाच्या पायाची शपथ घेतलीय त्याने. आणखी काय पाहिजे? झालं गेलं विसरून जा. आज सणाच्या दिवसांत घरी चल."

सगळे तिच्याकडे बघू लागले. मला तोंड उघडायचं होतं, प्रज्ञाने माझा हात दाबून धरला. नंदा उठली. चालत मूर्तीपाशी गेली. पट्टी बांधलेला उजवा हात तिने पायांवर ठेवला, तो दुखला असणार, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग आरतीच्या त्याच खणखणीत आवाजात, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं म्हणाली, "बाप्पा, तो दर वर्षी शपथ घेतो. आज मी घेते. त्या खोलीत मी परत पाय टाकणार नाही. मला टाकायला लावलं तर त्याला झोपेत चिरीन, आणि जे मला तिथे घेऊन जातील ती नावं पोलिसांना सांगीन."

बाप्पाच्या पायावरची शपथ, मोडा म्हणायची कोणाची हिंमत आहे?

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग राहू दे," ते म्हणाले.